डांबर गोळी, मलेरियाची गोळी आणि एका अक्षराचा फरक: जनुकं शरीरातली एन्झाइम्स कशी ठरवतात?

घरात बाळ येणार असलं की माळ्यावरची पेटी खाली येते. मोठ्या भावंडाची झबली, टोपडी, आजीने जपून ठेवलेली दुपटी बाहेर निघतात. कपड्यांना कसर लागू नये म्हणून पेटीत पांढऱ्या डांबर गोळ्या टाकलेल्या असतात. कपडे झटकायचे, जरा ऊन दाखवायचं आणि बाळाला घालायचे, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे.

बहुतेक बाळांना यामुळे काहीच होत नाही. पण काही बाळांना हेच कपडे घातल्यावर काही दिवसांत जोराची कावीळ होते. अंगातलं रक्त झपाट्याने कमी होतं आणि बाळाला थेट हॉस्पिटलमध्ये हलवावं लागतं.

असंच एका औषधाचंही आहे. मलेरिया झाल्यावर तो पुन्हा उलटू नये म्हणून प्रायमाक्विन नावाची गोळी देतात. लाखो लोक ती घेतात आणि बरे होतात. पण काही जणांना दोन-तीन दिवसांतच काळ्या चहासारखी लघवी व्हायला लागते, डोळे पिवळे पडतात आणि उभं राहिलं तरी गरगरतं.

गोळी तीच, डोस तोच. मग एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात येतो, असं का?

याचं उत्तर आहे एक एन्झाइम आणि ते बनवणारं एक जनुक. या एन्झाइमचं नाव जी-६-पीडी. पूर्ण नाव ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज असं लांबलचक आहे, त्यामुळे डॉक्टरही जी-६-पीडीच म्हणतात. जगभरात अंदाजे ४० कोटी लोकांमध्ये या एन्झाइमची कमतरता आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ते माहीतही नाही.

जनुक एन्झाइमवर ताबा कसं ठेवतं, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. तर सुरुवातीपासून पाहूया.

एन्झाइम म्हणजे नेमकं काय?

भाकरीचा घास तोंडात जरा जास्त वेळ चावत राहिलात तर तो हळूहळू गोड लागायला लागतो. भाकरीत साखर नसते. लाळेतलं अमायलेज नावाचं एन्झाइम पिठातल्या स्टार्चचे तुकडे करतं आणि त्यातून साखर तयार होते.

शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला ‘विकर’ म्हटलेलं असतं. शरीरातली रासायनिक कामं वेगाने करून देणारी ही प्रथिनं. अन्न पचवणं, ऊर्जा तयार करणं, औषधांची विल्हेवाट लावणं, अशा जवळपास प्रत्येक कामाला त्याचं स्वतःचं एन्झाइम लागतं. ती नसती तर हीच कामं इतकी सावकाश झाली असती की जगणंच शक्य झालं नसतं.

एन्झाइमचं काम त्याच्या आकारावर अवलंबून असतं. अमिनो आम्लांची एक लांब साखळी विशिष्ट पद्धतीने घडी घालून बसते आणि त्या घडीत एक खाच तयार होते. ज्या पदार्थावर काम करायचं तो त्या खाचेत बसतो. घडी बिघडली की खाच बिघडते आणि काम अडतं.

म्हणजे प्रश्न असा उरतो की कोणतं अमिनो आम्ल कुठे बसवायचं, हे कोण ठरवतं?

आजीची वही आणि उतरवून घेतलेलं पान

ते जनुक ठरवतं. आपल्या पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो. त्यात ए, टी, जी आणि सी या चारच अक्षरांत लिहिलेला सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर असतो. या मजकुरातला जो भाग एखादं प्रथिन कसं बनवायचं ते सांगतो, त्याला आपण जनुक म्हणतो. माणसात प्रथिनं बनवणारी साधारण २० हजार जनुकं आहेत.

घरात आजीची पाककृतींची जुनी वही असते, तसं हे आहे. वही फाटेल म्हणून ती कुणी ओट्यावर नेत नाही. हवी ती कृती कागदावर उतरवून घ्यायची आणि तो कागद घेऊन स्वयंपाकघरात जायचं. पेशीतही तेच होतं. डीएनए केंद्रकातच राहतो. लागणाऱ्या जनुकाची नक्कल ‘मेसेंजर आरएनए’ या रेणूच्या रूपात निघते आणि केंद्रकाबाहेर येते. तिथे रायबोसोम नावाचं यंत्र ही नक्कल वाचतं आणि एकेक अमिनो आम्ल जोडत साखळी तयार करतं.

वाचायची पद्धत ठरलेली आहे. तीन अक्षरांचा एक शब्द आणि एका शब्दाला एक अमिनो आम्ल. ही सांकेतिक लिपी उलगडण्यात भारतात जन्मलेले हरगोविंद खुराना यांचा मोठा वाटा होता. त्यासाठी त्यांना १९६८ साली इतर दोघांसोबत नोबेल मिळालं.

आता वहीत चूक झाली तर? समजा ‘चवीपुरतं मीठ’ असं लिहायचं होतं आणि कुणी ‘चवीपुरतं मिठ’ लिहिलं. शुद्धलेखन चुकलं, पण भाजी तीच होईल. जनुकातले कितीतरी बदल असे निरुपद्रवी असतात. पण ‘मीठ’च्या जागी ‘पीठ’ लिहिलं गेलं तर? बदल एकाच अक्षराचा, पण पदार्थ पार वेगळा. आणि कृतीच्या मधेच कुणी पूर्णविराम देऊन ‘समाप्त’ लिहिलं, तर पदार्थ अर्धवटच राहील. जनुकात या तिन्ही प्रकारचे बदल होतात.

हे नातं सापडलं कसं?

जनुक आणि एन्झाइम यांचा संबंध आहे, याचा पहिला सुगावा लागला तो बाळाच्या काळ्या पडलेल्या लंगोटांवरून.

लंडनमधले डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड अल्काप्टोन्युरिया नावाच्या दुर्मीळ विकाराचा अभ्यास करत होते. यात रुग्णाची लघवी हवेत राहिली की काळी पडते. हा विकार ठराविक कुटुंबांत दिसतो आणि अनेकदा आईवडील सख्खे चुलत किंवा मावस-आतेभावंडं असतात, हे त्यांच्या लक्षात आलं. १९०२ साली त्यांनी मांडलं की हा जंतूंमुळे होणारा आजार नाही. शरीरातल्या रासायनिक साखळीतली एक पायरीच या लोकांत जन्मतः अडलेली आहे आणि ती वारशाने येते. डीएनएची रचना कळायला तेव्हा आणखी ५० वर्षं बाकी होती.

ठोस पुरावा मिळाला तो पावावर वाढणाऱ्या बुरशीतून. १९४१ साली अमेरिकेत जॉर्ज बीडल आणि एडवर्ड टेटम यांनी न्यूरोस्पोरा या बुरशीवर क्ष-किरण सोडले आणि तिच्या एकेका बीजाणूपासून वेगळी वाढ घेतली. साखर, क्षार आणि एक जीवनसत्त्व एवढ्यावर ही बुरशी एरवी मजेत वाढते, बाकी सगळं ती स्वतः बनवते. २९९ क्रमांकाची बुरशी मात्र वाढेना. तिला वरून बी-६ जीवनसत्त्व दिल्यावरच ती वाढली. म्हणजे बी-६ बनवण्याची तिची एक पायरी बंद पडली होती आणि हा दोष तिच्या पुढच्या पिढीतही उतरत होता.

यावरून ‘एक जनुक, एक एन्झाइम’ ही कल्पना पुढे आली. पुढे तिच्यात सुधारणा झाल्या, कारण सगळी जनुकं एन्झाइमच बनवतात असं नाही आणि काही एन्झाइम्स एकापेक्षा जास्त जनुकांच्या साखळ्या मिळून बनतात. पण गाभा टिकून राहिला. बीडल आणि टेटम यांना १९५८ साली नोबेल मिळालं.

कृती आहे, पण पदार्थ करायचा कधी?

आजीच्या वहीत उकडीच्या मोदकांची कृती आहे म्हणून घरात रोज मोदक होत नाहीत. जनुकांचंही तसंच. शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत पूर्ण वही असते, पण कोणतं पान कधी उघडायचं हे वेगळं ठरतं.

फ्रान्सवा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये हे ई. कोलाय या जीवाणूत दाखवून दिलं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, समोर नसेल तेव्हा एक प्रथिन डीएनएवर ठाण मांडून बसतं आणि लॅक्टोज पचवणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाची नक्कल निघू देत नाही. लॅक्टोज आलं की हे प्रथिन बाजूला होतं आणि एन्झाइम बनायला लागतं. गरज असेल तरच उत्पादन.

माणसात याचं ओळखीचं उदाहरण म्हणजे दूध न पचणं. लहान बाळांच्या आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम भरपूर बनतं. वय वाढतं तसं जगातल्या बहुतांश लोकांत ते कमी होत जातं. जनुक बिघडलेलं नसतं, फक्त त्याचं बटण मिटत जातं. काही लोकांत मात्र या जनुकापासून सुमारे १४ हजार अक्षरं दूर एक अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे बटण आयुष्यभर चालू राहतं. युरोपप्रमाणे वायव्य भारतातही हा बदल बऱ्याच प्रमाणात सापडतो. म्हणून एकाला पेलाभर दूध सहज पचतं आणि दुसऱ्याचं पोट डबाडब होतं. दह्या-ताकात जीवाणूंनी काही लॅक्टोज आधीच संपवलेलं असल्यामुळे ते अनेकांना सोसतं.

म्हणजे जनुकाकडून एन्झाइमचं दोन प्रकारे नियंत्रण होतं. एक, ते किती आणि कधी बनवायचं. दोन, बनलेलं एन्झाइम कसं असेल, किती टिकेल. जी-६-पीडीची गोष्ट मुख्यतः दुसऱ्या प्रकारातली आहे.

तांबडी रक्तपेशी आणि तिची शिदोरी

जी-६-पीडी शरीरातल्या सगळ्याच पेशींमध्ये असतं. पण त्याची कमतरता सगळ्यात जास्त जाणवते ती तांबड्या रक्तपेशींना. का, ते समजायला या पेशीचं आयुष्य बघावं लागेल.

तांबडी पेशी हाडांच्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होते. तयार होताना ती आपलं केंद्रक टाकून देते. त्यामुळे तिच्यात हिमोग्लोबिनला जास्त जागा होते आणि बारीक रक्तवाहिन्यांतून वाकून जाणंही सोपं जातं. पण केंद्रक गेलं म्हणजे वहीच गेली. नवीन नक्कल निघणार नाही, नवीन एन्झाइम बनणार नाही. रक्तात उतरताना जेवढं एन्झाइम सोबत असेल तेवढ्यावर तिला साधारण १२० दिवस काढायचे असतात. वारीला निघताना बांधून घेतलेल्या शिदोरीसारखं. वाटेत चूल नाही.

या शिदोरीत जी-६-पीडी फार मोलाचं असतं. ऑक्सिजन वाहून नेताना पेशीत सतत काही दाहक रेणू तयार होत राहतात. लोखंडाला गंज चढावा तसे हे रेणू पेशीतली प्रथिनं खराब करतात. त्यांना निष्प्रभ करायला पेशीकडे ग्लुटाथायॉन नावाचा पदार्थ असतो. तो वापरला गेला की पुन्हा ताजा करावा लागतो आणि त्यासाठी लागणारं रसायन, एनएडीपीएच, तांबड्या पेशीत जी-६-पीडी असलेल्या मार्गातूनच मिळतं. इतर पेशींकडे आणखी काही मार्ग असतात, तांबड्या पेशीकडे हाच एक.

निरोगी माणसात रक्तपेशीतलं हे एन्झाइम हळूहळू झिजतं. ते निम्म्यावर यायला साधारण ६० दिवस लागतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या ‘ए मायनस’ या प्रकारात मात्र ते सुमारे १३ दिवसांतच निम्म्यावर येतं. म्हणजे पेशी शिदोरी घेऊन निघते खरी, पण ती अर्ध्या वाटेच्या आधीच विटते.

एरवी यामुळे काही बिघडत नाही. माणूस धावतो, खेळतो, म्हातारा होतो. जितकं एन्झाइम उरलंय तितकं रोजच्या कामाला पुरतं. अडचण येते ती अचानक जास्तीचा भार पडला की. प्रायमाक्विन, डांबर गोळीतलं नॅप्थॅलीन किंवा एखादा जोराचा संसर्ग पेशीतल्या दाहक रेणूंचं प्रमाण एकदम वाढवतो. ग्लुटाथायॉन संपतं, हिमोग्लोबिन खराब होऊन त्याच्या गाठी होतात आणि पेशी फुटायला लागतात. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन लघवीत उतरून ती काळपट होते. त्याचंच विघटन होऊन बिलिरुबिन वाढतं आणि कावीळ दिसते.

‘कल्याण’ नावाचा जनुकीय बदल

जी-६-पीडीची साखळी ५१५ अमिनो आम्लांची आहे. म्हणजे जनुकातली १,५४५ अक्षरं ही साखळी ठरवतात. त्यातल्या एका अक्षराच्या बदलानेही एन्झाइम कमजोर होऊ शकतं. जगभरात असे शेकडो प्रकार नोंदवले गेले आहेत. भारतात तीन प्रकार प्रामुख्याने दिसतात आणि त्यांची नावं रंजक आहेत: मेडिटरेनियन, ओरिसा आणि केरळ-कल्याण.

हे कल्याण म्हणजे आपलं मुंबईजवळचं कल्याण. एका कोळी कुटुंबात सापडलेल्या वेगळ्या प्रकारच्या जी-६-पीडीचं वर्णन १९८४ साली प्रसिद्ध झालं आणि त्याला ‘कल्याण’ नाव मिळालं. त्याच्या आधी ‘केरळ’ नावाचा एक प्रकार नोंदवलेला होता. एन्झाइमच्या वागणुकीवरून दोन्ही वेगळे वाटत होते. पण १९९२ मध्ये जनुकातली अक्षरं वाचली गेली तेव्हा कळलं की दोन्हींत बदल एकच आहे. ९४९ व्या जागी जी ऐवजी ए आहे. त्यामुळे साखळीत ३१७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन बसतं. पहिल्यावर ऋण विद्युतभार असतो, दुसऱ्यावर धन. मीठ आणि पीठ यांच्याइतकाच हा फरक आहे.

मुंबईचा या विषयाशी जुना संबंध आहे. इथल्या पारशी समाजात जी-६-पीडीची कमतरता असल्याचं संशोधन १९६३ सालीच प्रसिद्ध झालं होतं. भारतात वेगवेगळ्या समाजांमध्ये हे प्रमाण अगदी शून्यापासून २५ टक्क्यांच्याही पुढे जातं. पिढ्यान्‌पिढ्या लग्नं आपापल्या समाजातच होत आल्यामुळे एखादा बदल एका समाजात साठत जातो आणि शेजारच्या समाजात नसतो.

मग इतका ‘वाईट’ बदल टिकलाच कसा?

नकाशावर पाहिलं तर जी-६-पीडीची कमतरता जिथे जास्त, तिथे मलेरियाचा इतिहासही जुना असल्याचं दिसतं. आफ्रिका, भूमध्य समुद्राचा किनारा, पश्चिम आशिया, भारत, आग्नेय आशिया. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीतच वाढतो. आधीच कमकुवत असलेल्या पेशीत त्याचं नीट बस्तान बसत नाही. त्यामुळे हा बदल असलेली मुलं गंभीर मलेरियातून वाचण्याची शक्यता थोडी जास्त होती आणि तो पुढच्या पिढ्यांत जात राहिला, असं शास्त्रज्ञ मानतात.

विदर्भात ओळखीचा असलेला सिकलसेलही याच कारणाने टिकला. फक्त तिथे बदल एन्झाइममध्ये नसून हिमोग्लोबिनमध्ये असतो.

विचित्र योग असा की मलेरियापासून थोडं संरक्षण देणारा हा बदल मलेरियाच्याच एका औषधापुढे धोकादायक ठरतो.

ती गोळी आणि तुरुंगातले प्रयोग

व्हायव्हॅक्स प्रकारच्या मलेरियाचा परजीवी यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. त्याला तिथून संपवायला प्रायमाक्विन लागतं. भारतात व्हायव्हॅक्ससाठी ते १४ दिवस दिलं जातं.

१९५० च्या दशकात कोरियातून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांना हे औषध दिलं जात होतं. त्यातल्या काहींचं, विशेषतः काही कृष्णवर्णीय सैनिकांचं, रक्त झपाट्याने कमी झालं. इलिनॉयमधल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर याचा अभ्यास झाला. तुरुंगात बंद असलेला माणूस खरंच मोकळेपणाने संमती देऊ शकतो का, यावरून या प्रयोगांवर पुढे बरीच टीका झाली.

तिथे संशोधकांनी एका माणसाच्या खूण केलेल्या रक्तपेशी दुसऱ्याला देऊन पाहिल्या. त्रास होणाऱ्या माणसाच्या पेशी धडधाकट माणसाच्या अंगात घातल्या तरी गोळी दिल्यावर त्या फुटायच्या. उलट केलं तर फुटायच्या नाहीत. म्हणजे दोष औषधात किंवा बाकी शरीरात नव्हता, पेशीच्या आतच होता. १९५६ मध्ये तो दोष म्हणजे जी-६-पीडीची कमतरता असल्याचं जाहीर झालं.

मुलग्यांमध्येच हे जास्त का दिसतं?

जी-६-पीडीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषांकडे एकच एक्स असतो आणि तो आईकडून येतो. त्यावरची कृती चुकीची असेल तर दुसरी प्रत नाही.

स्त्रियांकडे दोन एक्स असतात, पण प्रत्येक पेशीत त्यातला एकच चालू राहतो. दुसरा गर्भावस्थेतच बंद होतो. कोणत्या पेशीत कोणता बंद होईल हे नशिबावर असतं. १९६१ साली मेरी लायन यांनी ही कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी अर्नेस्ट ब्युटलर यांच्या गटाने जी-६-पीडीच वापरून दाखवलं की अशा स्त्रीच्या रक्तात दोन प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात. काही पुरेसं एन्झाइम असलेल्या, काही नसलेल्या. हे प्रमाण प्रत्येकीत वेगळं असू शकतं. त्यामुळे ‘बाईला हा त्रास होत नाही’ असं म्हणणं चुकीचं आहे. काहींना होतो.

आईकडे असा एक बदललेला एक्स असेल तर प्रत्येक मुलग्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते. वडिलांना कमतरता असेल तर त्यांचा एक्स सगळ्या मुलींकडे जातो, मुलग्यांकडे जात नाही. म्हणून कुटुंबात कोणाला हे असेल तर आईच्या माहेरच्या माणसांनाही सांगायला हवं. मामा आणि मावसभाऊ यांच्यातही ते असू शकतं.

टेस्ट कधी करायची? इथेच गडबड होते

जी-६-पीडीची रक्त तपासणी साधी आहे. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या थेंबभर रक्तावरही ती होते. गोव्यात २००८ साली नवजात बाळांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्यात जी-६-पीडीचाही समावेश होता. इतर ठिकाणी अनेक हॉस्पिटल्समध्ये ती सांगितली तर करतात, आपोआप होत नाही.

पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. रक्त फुटत असतानाच टेस्ट केली तर रिपोर्ट चुकून ‘नॉर्मल’ येऊ शकतो. कारण पुन्हा शिदोरीचंच. जुन्या, एन्झाइम संपलेल्या पेशी आधी फुटून जातात. त्यांच्या जागी अस्थिमज्जेतून ताज्या पेशी येतात आणि त्यांच्याकडे एन्झाइम अजून बऱ्यापैकी शिल्लक असतं. मशीन तेच मोजतं. म्हणून संशय पक्का असेल तर डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट करायला सांगतात. रक्त चढवल्यानंतरही हीच अडचण येते, कारण तेव्हा दुसऱ्याच्या पेशी मोजल्या जातात.

काय टाळायचं आणि काय नाही?

जी-६-पीडीची कमतरता असेल तर पुढच्या गोष्टी माहीत असायला हव्यात.

औषधं: प्रायमाक्विन, त्याच गटातलं टॅफेनोक्विन, कुष्ठरोगावर दिलं जाणारं डॅप्सोन, लघवीच्या संसर्गावरचं नायट्रोफ्युरान्टॉइन, काही कॅन्सर रुग्णांना देतात ते रास्ब्युरिकेज आणि मिथिलीन ब्लू. कोणतंही औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना ही कमतरता असल्याचं सांगायचं. मनाने बंद किंवा सुरू करायचं नाही. प्रायमाक्विनची गरजच असेल तर ते आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देण्याचा पर्याय जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेला आहे.

डांबर गोळ्या: बाळाच्या कपड्यांत, दुपट्यांत, पाळण्याच्या गादीजवळ नॅप्थॅलीनच्या गोळ्या नकोतच. हे टेस्ट झालेली असो वा नसो, सगळ्याच बाळांसाठी लागू आहे. बाळाची टेस्ट झालेली नसेल तर त्याचं एन्झाइम कसं आहे हे कळायला मार्ग नाही.

मेंदी: कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांना मेंदी लावल्यावर रक्त फुटल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींमध्ये आहेत. बारशाच्या हौसेसाठी हा धोका नको.

बाकला: इंग्रजीत ज्याला फावा बीन म्हणतात तो शेंगांचा प्रकार. यातले काही घटक रक्तपेशींवर तसाच भार टाकतात. इंटरनेटवर याचं भाषांतर कधी वाल, कधी पावटा, कधी घेवडा असं केलेलं सापडतं आणि मग घरातलं बिरडं बंद होतं. वाल आणि पावटा ही वेगळी झाडं आहेत. बाकला म्हणजे तुमच्या बाजारात काय मिळतं हे डॉक्टरांना विचारून खात्री करून घ्या.

आणि लक्षणं: लघवी एकदम गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, चेहरा पांढराफटक पडणं, दम लागणं. नवीन औषध सुरू झाल्यावर यातलं काही दिसलं तर थांबून न राहता हॉस्पिटल गाठायचं. तान्हं बाळ पिवळं दिसत असेल, नीट पीत नसेल, सुस्त पडून असेल तर ‘कोवळ्या उन्हात धरा, उतरेल’ म्हणून वाट पाहू नका. बिलिरुबिन फार वाढलं तर बाळाच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. वेळेत प्रकाशोपचार मिळाले तर ते टाळता येतं.

जी-६-पीडीची कमतरता मुळापासून बरी करणारं औषध आज नाही. जन्मभर ते जनुक तसंच राहणार. पण हा असा दोष आहे की तो माहीत असणं हाच बहुतेकांसाठी पुरेसा उपाय ठरतो. रिपोर्ट जपून ठेवा, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि मूल शाळेत जायला लागलं की बाईंना किंवा सरांनाही एकदा सांगून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरांनी ‘कशाची अ‍ॅलर्जी आहे का?’ असं विचारलं की जी-६-पीडीचं नाव घ्यायला विसरू नका. ही अ‍ॅलर्जी नाही, पण सांगायची जागा तीच आहे.